ब्रह्मकमळ फुललं म्हणून ऑर्किड आणलं

ह्या सगळ्या वेडाची सुरुवात एका रंगाच्या डब्यातून झाली. ऑइलपेंटचा चार लिटरचा डबा, तळाला खिळ्याने पाडलेली भोकं, आणि त्यात आमच्या सासूबाईंनी कुणाकडून तरी एक पान आणून खोचलेलं ब्रह्मकमळ. कोथरूडच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत ते कोपऱ्यात पडलेलं असायचं, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, त्याला कधी कुणी खत घातलं नाही, पाणी आठवलं तर, डबा गंजून एका बाजूने फाटला तरी बदलला नाही, आणि तरीही दर पावसाळ्यात एक रात्र अशी यायची की आई साडेनवाला मजल्यावरच्या सगळ्यांची बेल वाजवत सुटायच्या. मग दहा-बारा माणसं गॅलरीत, कुणीतरी कुंकू वाहतंय, कुणी मोबाईल घेऊन टाइमलॅप्स काढतंय, आणि गॅसवर मसाला दूध. सकाळी बघावं तर फूल मान टाकून लोंबतंय.

आपण सगळे त्याला हिमालयातलं देवाचं फूल समजून हात जोडतो, पण हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळंच आहे, ते तिकडे उंचावर खडकांत येतं आणि पुण्यातल्या डब्यात येणं शक्यच नाही. आपल्या गॅलरीतलं म्हणजे मेक्सिको आणि त्याच्या खालच्या देशांतल्या जंगलातलं निवडुंग आहे. हो, निवडुंग. आपण ज्याला पान म्हणतो ते त्याचं चपटं खोड, म्हणूनच कळी पानाच्या कडेतून फुटल्यासारखी दिसते. आणि तिकडे ते जमिनीत नाही, झाडांवर वाढतं, फांदीच्या बेचक्यात साचलेल्या कचऱ्यात. हे मला खूप उशिरा कळलं आणि आधी कळलं असतं तर माझे निदान पाच-सहा हजार रुपये वाचले असते.

कारण मी काय केलं, तर ब्रह्मकमळ येतंय ना, मग आपल्याला झाडांचा हात आहे असं धरून चालले आणि ऑर्किड आणलं. पांढरं फॅलेनोप्सिस, दोन दांड्या, चौदा फुलं. नर्सरीवाला म्हणाला, काही नाही मॅडम, इनडोअर प्लांट आहे, आठवड्यातून दोनदा पाणी. ह्या 'आठवड्यातून दोनदा'वर मला एक स्वतंत्र पोस्ट लिहायची आहे. पुण्यात जुलैचा आठवडा आणि एप्रिलचा आठवडा हे एकाच ग्रहावरचे नसतात, आणि सगळ्या नर्सऱ्यांत मात्र एकच उत्तर.

फुलं अडीच महिने टिकली, घरी येणारा प्रत्येक जण आधी हात लावून खोटी आहेत का बघायचा. फुलं गेली आणि मग आम्ही सगळे मिळून त्याच्या सेवेला लागलो. आई चहाचा चोथा घालायच्या. तांदूळ धुतलेलं पाणी. कामाच्या मावशी रोज सकाळी तुळशीला घालतात तसं वरून तांब्याने, कारण त्यांना ते बिचारं वाटायचं. आणि मी, कुंडी लहान वाटली म्हणून, लाल माती आणि शेणखत घालून मोठ्या कुंडीत हलवलं. महिन्याभरात मधलं कोवळं पान हाताला आलं. नुसतं ओढलं तर सुटून, बुडाशी काळं, मऊ, आणि वास. त्याला क्राऊन रॉट म्हणतात आणि मधला कोंबच गेला की फॅलेनोप्सिसचं जवळपास संपतंच, कारण ते त्या एकाच टोकातून वर वाढतं. मुळं काढून बघितली तर पोकळ झालेली, बोटांत धरून ओढलं की वरचं साल निघून आत दोरा राहायचा.

मी असे तीन मारले. तिसरं तर ऑफिसमधून निरोपाची भेट म्हणून मिळालेलं होतं, त्यामुळे कुणी विचारलं की मी विषय बदलायचे.

उलगडा झाला तो दापोलीला आत्याकडे. मे महिन्याचा शेवट होता, मी मागच्या अंगणात उभी होते आणि वर बघितलं तर फणसाच्या जुन्या खोडावरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे लांबच लांब घोस लोंबत होते, वेणीसारखे. मी ओरडलेच. आत्या म्हणाली, "अगो ती सीतेची वेणी, दरवर्षी येते, त्यात काय नाचायचंय." हे आपलं गावठी ऑर्किड. आसामात ह्यालाच कोपौ फूल म्हणतात आणि बिहूला मुली केसांत माळतात. आत्याच्या सासऱ्यांच्या वेळचे लोक ह्याला बांडगूळ समजायचे आणि काढून टाकायचे, पण बांडगूळ झाडाच्या अंगात मूळ घालून रस पितं, हे नुसतं बसलेलं असतं, फणसाकडून जागेशिवाय काही घेत नाही.

मी शिडी लावून वर जाऊन बघितलं (आत्याचा आरडाओरडा चालूच). मुळं बोटाएवढी जाड, चंदेरी, खोडावर चिकटून फुटा-दीड फुटापर्यंत पसरलेली, पूर्ण उघडी. माती नावाची गोष्ट नाही. वारा लागतोय, मे महिन्यात कोरडीठाक पडलीत, आणि पहिली वळवाची सर आली की दहा मिनिटांत भिजणार आणि तासाभरात परत सुकणार. आणि झाड लोंबतंय तिरकं, त्यामुळे पानांच्या मध्ये पाणी साचायचा प्रश्नच नाही. फॅलेनोप्सिससुद्धा फिलिपिन्स, इंडोनेशियाच्या जंगलात असंच झाडाला बिलगून तिरकं राहतं. आपण ते कुंडीत ताठ उभं केलं, त्याचा पेला झाला, आणि त्या पेल्यात मावशींनी रोज तांब्या ओतला.

मुळांवरचं ते चंदेरी म्हणजे मेलेल्या पेशींचा स्पंजसारखा थर असतो. पाणी पडलं की शोषून घेतो आणि पारदर्शक होतो, मग आतला हिरवा रंग दिसतो. त्यामुळे माझं आता एकच वेळापत्रक, पारदर्शक प्लॅस्टिकच्या कुंडीत लावायचं आणि मुळं हिरवी आहेत का चंदेरी ते बघायचं. चंदेरी दिसली की बादलीत पंधरा मिनिटं कुंडी बुडवायची, निथळायची, संपलं. जुलैत कधी दहा-दहा दिवस हात लावत नाही, एप्रिलमध्ये एक दिवसाआड.

लावायला काय वापरते हे सगळे विचारतात. लाकडी कोळसा, इस्त्रीवाल्याकडून आणलेला, सुपारीएवढे तुकडे. आणि आत्याकडची सोडणं, म्हणजे नारळ सोलल्यावरचं जाड साल, ते इंचभराचे तुकडे करून आठवडाभर पाण्यात, पाणी रोज बदलत, कारण त्यात मीठ आणि टॅनिन फार असतं. ऑनलाइन ऑर्किड मिक्स म्हणून छान पिशवीत जे येतं त्यात हेच असतं आणि वर चार चमचे परलाइट, म्हणजे ते पांढरे हलके खडे. विटांचे तुकडे बरेच लोक घालतात, मला ते जड वाटतात आणि आमच्या पाण्यातले क्षार त्यांच्यावर पांढरे साचतात.

पाण्याचं आलंच आहे तर सांगते. आमच्या सोसायटीत मार्चनंतर बोअर आणि टँकर. मीटर घालून बघितलं तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, सातशेच्या वर. कुंडीच्या कडेला पांढरी पापुद्री धरायची आणि मुळांची हिरवी टोकं, तीच फक्त वाढत असतात, ती काळी पडून बसायची, आणि मी वर्षभर त्याला बुरशी समजून औषधं मारत होते. आता पावसाळ्यात गॅलरीच्या पन्हाळीखाली दोन झाकणाचे ड्रम लावते, ते साधारण जानेवारीपर्यंत पुरतात, नंतर फिल्टरचं पाणी. खत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), लिटरला अर्धा ग्रॅम, तेही नवीन पान किंवा मूळ चालू असेल तरच. पाकिटावर ह्याच्या कितीतरी पट लिहिलेलं असतं, ते टोमॅटोसाठी आहे.

आता फुलांचं. लोकांना वाटतं उष्ण प्रदेशातलं झाड, म्हणजे उन्हाळ्यात खूष. फॅलेनोप्सिसला दांडी फुटायला उलट गारवा लागतो, काही आठवडे तापमान पंचविशीच्या खाली राहिलं की ते मनावर घेतं. पुण्यात हे आपोआप होतं, नोव्हेंबरात गॅलरीचं दार उघडं ठेवलं की झालं, आणि डिसेंबरात पानाच्या बगलेतून एक हिरवं टोक निघतं जे पहिले पंधरा दिवस मूळ आहे का दांडी ह्यावर आमच्या घरात पैजा लागतात. (मुळाचं टोक गोल आणि गुळगुळीत असतं, दांडीचं मुलांच्या हातमोज्यासारखं, एका बाजूला अंगठा.) रात्री पारा दहा-बारावर गेला की मात्र आत घेते, तेवढं सोसत नाही त्याला.

माझी बहीण डोंबिवलीला. तिच्याकडे पानं माझ्यापेक्षा दुप्पट, चकचकीत, दमट हवेत नुसती माजलेली, आणि चार वर्षं फूल नाही. मला फोन करून, तू काय घालतेस, खरं सांग. मी काही घालत नाही गं, तुझ्याकडे थंडी नाही. मग तिने ते बेडरूममध्ये नेलं, जिथे तिचा मुलगा रात्रभर एसी लावून झोपतो, खिडकीजवळ, एसीचा झोत थेट येणार नाही असं, आणि त्या वर्षी फेब्रुवारीत दांडी आली. मुलाची वीजबिलावरून बोलणी खाणं तेव्हापासून बंद आहे.

आणि आंब्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये माझ्याकडे एक जांभळ्या रेघांचं फॅलेनोप्सिस ऐन भरात, अकरा फुलं आणि टोकाला चार कळ्या. त्याच आठवड्यात आत्याकडून दोन पेट्या हापूस आला. आईंनी नेहमीप्रमाणे हॉलमधल्या दिवाणाखाली गवतात आढी लावली, दिवाणाच्या शेजारी स्टुलावर ऑर्किड. तिसऱ्या दिवशी सकाळी कळ्या पिवळ्या, चौथ्या दिवशी फुलं वाळल्या कागदासारखी होऊन एकेक खाली, आठवड्यात दांडी रिकामी. मला वाटलं कीड, उन्हाची झळ, मावशींचा तांब्या, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो, आंबे जोरात पिकतात ते त्यानेच, आणि ऑर्किडच्या फुलाला तोच वायू म्हणजे म्हातारं होण्याचा निरोप. केळी, सफरचंद, आंबा, सगळ्यांचं तेच. आता आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये आढी एका खोलीत आणि ऑर्किड दुसऱ्या टोकाला असतात. आईंचं म्हणणं, आंबा सोडून ते झाड का नाही हलवत कायमचं.

एप्रिल हा तसाही आमच्याकडचा परीक्षेचा महिना. माझ्याकडे हवेतल्या दमटपणाचा एक छोटा मीटर आहे आणि दुपारी तीनला तो अठरा टक्के दाखवतो. ज्या झाडांना सत्तर-ऐंशीची सवय ती अठरामध्ये. खड्यांचा ट्रे पाणी घालून खाली ठेवा असं सगळे व्हिडिओ सांगतात, मी मोजलंय, त्याने दोन-तीनचा फरक पडला. दिवसातून चार वेळा स्प्रे मारणं हे माणसाच्या समाधानासाठी आहे, दहा मिनिटांत वाळतं. खरा फरक पडला तो कूलरने. तोच आपला वाळ्याचा, घूं घूं करणारा. कूलर लावला की हॉलमध्ये मीटर पंचेचाळीस-पन्नासवर जातो. नवरा ऑफिसमधून घामेघूम येऊन बसतो आणि कूलरचं तोंड झाडांकडे, त्यावरून जे काही ऐकायला मिळतं ते इथे लिहीत नाही.

कूलर असूनही जे जगलं नाही ते मेडिनिला. एम्प्रेस गार्डनचं जानेवारीचं पुष्पप्रदर्शन बघायला गेले होते, बाहेर पडताना एका स्टॉलवर ते दिसलं आणि माझी शुद्ध हरपली. फिलिपिन्सच्या डोंगरातलं, हेही झाडांवर राहणारं, मोठी शिरांची पानं आणि खाली झुंबरासारखे गुलाबी फुलांचे थर लोंबलेले. अठराशे रुपये. नवऱ्याला बाराशे सांगितले. गाडीतून घरी येईपर्यंतच काही कळ्या गळल्या, जागा बदललेली त्याला खपत नाही. तीन आठवड्यांत सगळं झुंबर उतरलं. मार्चमध्ये पानांच्या कडा तपकिरी. बाथरूममध्ये ठेवलं तर उजेड कमी पडला, पानं पिवळी. मग जुना पारदर्शक शॉवरचा पडदा काठ्यांवर ताणून तंबू केला, तर आत दमट झालं पण हवा अडकली आणि पानांवर काळे ठिपके, वर कोवळ्या देठांत पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपला, दोन रविवार. मे महिन्यात शेवटचं पान पडलं. त्या झाडाला जे हवं होतं, गारही आणि दमटही आणि वाराही, ते पुण्यात जुलै ते सप्टेंबर सोडलं तर मिळत नाही, आणि चौथ्या मजल्यावर ते वर्षभर बनवून देण्याइतकी माझी ऐपत नाही आणि खरं म्हणजे इच्छाही नाही. काचघर, ह्युमिडिफायर, ग्रो लाइट करणारे लोक आहेत, त्यांना माझा नमस्कार.

इंग्लंडात ऑर्किडचं हे वेड शिखराला होतं तेव्हा तर लोक त्यासाठी जहाजं पाठवायचे. डेव्हनशायरच्या ड्यूकने 1835 मध्ये जॉन गिब्सन नावाच्या आपल्या तरुण माळ्याला खास झाडं आणायला कलकत्त्याला धाडलं, तो खासीच्या टेकड्यांत जाऊन काचेच्या बंद पेट्यांतून ऑर्किडांची खेप घेऊन 1837 ला परत गेला. तेव्हा बियांपासून ऑर्किड करता येत नव्हतं, कारण बी धुळीइतकं बारीक आणि त्यात अन्नच नसतं, जंगलात विशिष्ट बुरशीने भरवलं तरच रुजतं. 1922 मध्ये अमेरिकेत लुईस नडसनने साखर घातलेल्या जेलीवर, बुरशीशिवाय, ते बाटलीत रुजवून दाखवलं आणि मग पुढे टिश्यू कल्चर आलं, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत रोपं करणं. नर्सरीत आज सहाशे-सातशेला जे फॅलेनोप्सिस मिळतं ते असं बाटलीतून आलेलं असतं. म्हणूनच घाटात रस्त्याच्या कडेला कुणी पोत्यावर जंगलातून ओरबाडलेली ऑर्किडं विकत बसलेलं दिसलं तर मला फार राग येतो. घेऊ नका. ती जगतही नाहीत, मुळं तोडलेली असतात.

जमलेलं एक नवल पण आहे. काळं बॅट फ्लॉवर, टॅका. कळकट जांभळट-काळ्या रंगाचं, वटवाघळाने पंख पसरावेत तसं, आणि त्याला फूटभर लांब मिशा. एका मैत्रिणीने तिच्या झाडाचा कंद फोडून दिला होता. मी त्याला सावलीत, जिन्याकडच्या खिडकीत, नारळाचा भुसा आणि पानांच्या खतात लावलं आणि आशा सोडून दिली. उन्हाळ्यात दोन पानं करपली, पावसाळ्यात पाच आली, आणि सप्टेंबरात मधून एक दांडा. आई म्हणाल्या, हे गणपतीत घरात नको. शेवटी दहा दिवस ते शेजारच्यांकडे पाहुणं राहिलं, त्यांच्याकडे गणपती नसतो. अँथुरियमचं मी मुद्दाम काही लिहीत नाहीये, ते इतकं सोशिक आहे की त्याला ह्या यादीत बसवलं तर त्याचाच अपमान.

आणि वांडा, हेही ऑर्किडच. निळं-जांभळं, लाकडी पिंजऱ्यात, मुळं हातभर लांब हवेत सोडलेली. दमट हवेत ह्याच्याइतकं सोपं काही नाही, पण पुण्यात एप्रिलमध्ये सकाळ-संध्याकाळ भिजवून सुद्धा त्याच्या खालच्या पानांना सुरकुत्या पडत चालल्या होत्या. दोन उन्हाळे मी हट्टाने ठेवलं. तिसऱ्या वर्षी जूनमध्ये दापोलीला जाताना मांडीवर घेऊन गेले आणि आत्याच्या स्वाधीन केलं. तिने काय करावं, तर विहिरीजवळच्या आंब्याला सुंभाने बांधून टाकलं, तिच्या भाषेत 'डकवलं', आणि विसरली. मी फोनवर विचारायचे, पाणी घालतेस ना? "अगो पाऊस पडतोय की वरून, मी कशाला घालू."

परवा तिचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला, हललेला, अर्ध्या फोटोत तिचं बोट. तरी मोजता आली, नऊ फुलं. खाली लिहिलंय, तुझं निळं आलंय, शेजारची वाटा मागते, देऊ का. मी अजून उत्तर दिलेलं नाही. इकडे रंगाच्या डब्यात ह्या वर्षी ब्रह्मकमळाच्या सात कळ्या आहेत, दोन तर आज-उद्यावर, आणि आईंनी सकाळीच मला जास्तीचं एक लिटर दूध आणायला सांगितलंय.